ओ

महापे, तिसरा मजला, रात्रीचे अकरा वाजून गेलेले.
एसीचा वारा मानेवर घेत मी जमिनीवर मांडी घालून
रॅकच्या मागे,
जिथे यंत्रांना चेहरे नसतात, नुसत्या पाठी असतात.

सर्व्हर सुटा आहे.
म्हणजे कळपातला नाही. पूर्वी होता,
बेलापूरच्या एका विमा कंपनीत, सोळा भावंडांत अकरावा.
कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा
आमच्या गोठोस्करांनी लिलावात उचलला.
पाठीवर स्टिकर तसाच: अकरा. हात लावू नये.
मी हात लावला.

केबल खोचली की टक् वाजतं
आणि हिरवा दिवा लागतो, उघडमीट करतो,
म्हणजे घरात कुणीतरी आहे.
मी लॅपटॉपवरून हाक मारते. पिंग.
ओ नाही.
चार हाका, चारही वाया.

केबल बदलली. ओ नाही.
स्विचचं चौदावं भोक सोडून पंधरावं धरलं. ओ नाही.
पत्ता, मास्क, गेटवे, शेवटचा आकडा नखाने मोजून पाहिला.
नवी केबल बनवली हाताने,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
हे मला पाढ्यांपेक्षा पाठ आहे.
ओ नाही.

खांबेटे सर फोनवर, बदलापुरातून, जांभई दाबत:
दिवा लागतोय ना? मग लाइन आहे.
लाइन आहे सर. लाइनवर माणूस नाही.
व्हीलॅन? चाळीस.
मग उद्या बघू.
उद्या सातला घणसोलीचं डायलिसिस सेंटर यावर येणार आहे, सर.
ते गप्प.
मग फोनमध्ये नुसता त्यांचा पंखा ऐकू येतो.

हिराजी भोपी दर तासाला फेरी मारतात,
बॅटरीचा झोत जमिनीवर धरून.
"काय गो बाय, बोलला का तुजा डबा?"
नाही काका. दिवा लावतो, ओ देत नाही.
"मंग दुसऱ्या दाराला बसला आसंल.
माजा बापूस तसाच. पुरच्या दारान हाका मारून घसा बसं,
न त्यो मागं पडवीत, जाला इनीत."
आणि गेले, वर कुठलंसं दार वाजत होतं म्हणून.

मी आधी एक बिस्किट खाल्लं.
मग मॉनिटरची ट्रॉली ओढत आणली, एक चाक वाकडं.
काका म्हणाले म्हणून नाही,
करण्यासारखं तेवढंच उरलं होतं म्हणून.

सुरू होताना तो दोन-तीन सेकंदच विचारतो, एफ-आठ?
पहिल्यांदा हुकलं.
परत सात मिनिटं त्याचं सगळी मेमरी मोजत बसणं.
दुसऱ्यांदा मी बोट बटणावरून काढलंच नाही.

काळ्या पडद्यावर एक ओळ.
मोड: सामायिक.
म्हणजे ज्या स्वतंत्र पोर्टात माझी केबल तीन तास,
तिथला दिवा फक्त दिवा.
कान सगळा शेजारच्या जोडपोर्टांकडे लावलेला,
भावंडांच्या दिशेने,
आणि व्हीलॅन सतराशे बारा, बेलापूरचा.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की बाकीचे पंधरा भंगारात गेले.

मी सामायिकपुढची खूण काढली.
स्वतंत्रपुढे लावली.
जुना आकडा खोडताना उगाच जरा थांबले,
मग चाळीस. एफ-दहा. जतन.
पाऊण मिनिट थांबायला सांगतो,
मी मिनिटभर थांबले.

हाक.
ओ.
हाक, ओ. हाक, ओ. हाक, ओ.
एका मिलिसेकंदाच्या आत,
जणू इतका वेळ दाराशीच उभा होता.

स्टिकर नखाने खरवडला, अर्धाच निघाला.
हात लावू एवढं राहिलं.

फोन चालूच होता.
खांबेटे सर, आला!
सर?
पलीकडे पंखा फिरतोय.
लाइन आहे.